राजाचे कर्ज आणि राज्याचे कर्ज

२ जानेवारी १६७२ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने एक आज्ञा काढली. राजकोषातून सावकारांना होणारी परतफेड एक वर्षापुरती थांबविण्यात येत आहे, असा तिचा आशय होता. हॉलंडशी युद्ध करावयाचे होते, आरमार सज्ज करावयाचे होते, आणि तिजोरीत येणारा पैसा आधीच घेतलेल्या कर्जापोटी गुंतला होता. तो मोकळा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग राजाने निवडला. देणे द्यावयाचेच नाही.

लंडनच्या लंबार्ड स्ट्रीटवर त्या काळी सोनार-सराफांच्या पेढ्या होत्या. लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवीत. सराफ ठेवीदाराला ६ टक्क्यांपर्यंत व्याज देत आणि तोच पैसा राजाला ८ ते १० टक्क्यांनी देत. पुढे वसूल होणाऱ्या करांवर काढलेले आदेश हे त्यांचे तारण. व्यवहार पेढीवर बसणाऱ्या कोणालाही समजेल असा सरळ होता. त्यात एकच गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे ऋणको. थकलेली रक्कम सुमारे १२ ते १३ लाख पौंड होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख १६ हजार पौंड एकट्या सर रॉबर्ट व्हायनरचे, तर जवळजवळ ३ लाख एडवर्ड बॅकवेलचे. हा व्हायनर म्हणजे राजाचा सोनार. चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी लागलेला मुकुट त्याच्याच पेढीने घडवून दिला होता. एका वर्षाची स्थगिती पुढे लांबत गेली, आणि काही वर्षांच्या अंतराने हे दोन्ही सराफ नादार झाले. त्यांच्यामागे ज्यांच्या ठेवी होत्या त्यांची नावे इतिहासाने फारशी जपलेली नाहीत.

याच चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात मुंबई आंदण मिळाली होती, आणि १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्या सुमारास कंपनीने त्याला ५० हजार पौंडांचे कर्ज दिले होते, तेही ६ टक्क्यांनी. राजाला रोकड सदैव हवी असे आणि देणारे त्याला भेटत असत. १६७२ नंतर मात्र ते पूर्वीसारखे भेटेनात.

राजाने देणे बुडविले तर दाद कोणाकडे मागावयाची? न्यायालये राजाची, न्यायाधीश राजाचे, आणि राजावर दावा लावता येत नाही हा त्या देशाचा जुना कायदा. फार तर विनंतीअर्ज करावयाचा. पण या व्यवहारी प्रश्नाच्या तळाशी दुसरा, अधिक खोल प्रश्न आहे. व्यापाऱ्याच्या तिजोरीतील धन राजाच्या तुलनेतही त्याचेच असते काय? की ते फक्त इतर प्रजाजनांच्या तुलनेत त्याचे असते, आणि राजाने हात पुढे केला की त्या ‘माझे’ या शब्दाला अर्थ उरत नाही?

प्रश्न जुनाच आहे. कौटिल्याने राज्याच्या सात अंगांत कोशाला स्थान दिले, आणि कोश रिता झाला असता तो भरण्याचे जे उपाय सांगितले ते आजही वाचताना दचकावयास होते. राजाच्या हेराने व्यापाऱ्याचे सोंग घ्यावे, लोकांच्या ठेवी व उसनवारी गोळा करावी आणि मग एका रात्री आपल्याच घरी चोरी घडवून आणावी, हा त्यांतलाच एक. फ्लॉरेन्सचा मॅकियाव्हेली याच्या उलट टोकाने सांगतो की, राजाने प्रजेच्या मालमत्तेला हात लावू नये. माणूस बापाचा मृत्यू एक वेळ विसरेल, वडिलोपार्जित मालमत्ता गेलेली विसरणार नाही. रेशीम आणि लोकर यांच्या व्यापारावर चालणाऱ्या त्या नगरातील या गृहस्थाने एका पत्रात असेही लिहिले आहे की, आपल्याला ना रेशमाच्या धंद्यातले कळते ना नफ्यातोट्यातले, म्हणून राज्यकारभाराविषयी बोलणेच आपल्या वाट्याला आले. पण कौटिल्य काय आणि मॅकियाव्हेली काय, दोघेही राजाच्या कानात बोलतात. राजाने काय केले असता राज्य टिकेल, एवढाच त्यांचा विषय. राजाला हे करण्याचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये दोन माणसांनी ऐरणीवर घेतला. १६७२ मध्ये दोघेही हयात होते आणि दोघांचाही त्या दरबाराशी संबंध होता.

पहिला थॉमस हॉब्स. स्पॅनिश आरमार चालून येत असल्याच्या अफवांनी इंग्लंड भयभीत झाले होते त्या १५८८ सालच्या एप्रिलमध्ये त्याचा जन्म झाला. आपण आणि भीती जुळी भावंडे आहोत, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहून ठेवले. ते केवळ विनोदाने लिहिलेले नाही. पुढील आयुष्यात त्याने राजा आणि पार्लमेंट यांचे यादवी युद्ध पाहिले, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झालेला ऐकला, आणि राज्य मोडले म्हणजे काय होते याचे ज्ञान त्याला पुस्तकातून घ्यावे लागले नाही.

त्या यादवीची एक नाळ थेट पैशाला जोडलेली होती. चार्ल्सचा पिता, पहिला चार्ल्स, याने पार्लमेंटची संमती न घेता जहाजांच्या खर्चाच्या नावाने कर बसविला. आधी बंदरांवर, मग आतल्या गावांवरही. जॉन हॅम्पडेन नावाच्या एका जमीनदाराने त्यातले २० शिलिंग देण्याचे नाकारले. वीस शिलिंग म्हणजे अवघा एक पौंड! सधन माणसाला ती रक्कम काहीच नव्हती. प्रश्न ती मागण्याच्या अधिकाराचा होता. १६३८ मध्ये १२ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी राजाच्या बाजूने आणि ५ जणांनी हॅम्पडेनच्या बाजूने मत दिले. राजा खटला जिंकला आणि, पुढे दिसून आले त्याप्रमाणे, बरेच काही हरला. १६४० च्या उन्हाळ्यात तर त्याने लंडनच्या टॉवरमधील टांकसाळीत व्यापाऱ्यांनी पाडण्यासाठी व सुरक्षिततेसाठी ठेवलेले सुमारे १ लाख ३० हजार पौंडांचे सोने-चांदी अडकवून ठेवले. व्यापाऱ्यांनी आरडाओरड केली तेव्हा ४० हजार पौंडांच्या कर्जावर तडजोड झाली आणि माल सुटला. पैसा कालांतराने परत मिळालाही. परंतु राजाच्या किल्ल्यात ठेवलेले धन सुरक्षित असते हा समज मात्र परत आला नाही. सोनारांच्या पेढ्यांकडे ठेवी वळण्यास जी कारणे झाली त्यांत हे एक सांगितले जाते.

त्याच वर्षी हॉब्स पॅरिसला निघून गेला. राजसत्तेच्या बाजूने लिहिलेले त्याचे एक हस्तलिखित हातोहाती फिरत होते आणि पार्लमेंट त्याचा जाब विचारील अशी त्याला धास्ती होती. तेथे तो ११ वर्षे राहिला. निर्वासित राजपुत्राला, म्हणजेच पुढच्या दुसऱ्या चार्ल्सला, त्याने गणित शिकविले, आणि तेथेच ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १६५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हॉब्सचा युक्तिवाद व्यापाऱ्याने नीट ऐकावा असा आहे, कारण तो राजाच्या वैभवापासून सुरू होत नाही. तो माणसाच्या असुरक्षिततेपासून सुरू होतो. सर्वांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल तर कोणी शेत नांगरणार नाही, कारण पीक कोण नेईल याची खात्री नाही. जहाजे समुद्रात जाणार नाहीत, परदेशचा माल येणार नाही, इमारती उभ्या राहणार नाहीत, कालगणना आणि विद्याही उरणार नाहीत. करार होतील, पण ते पाळले जातील याची हमी कोणी देणार नाही. आणि ज्याने आपला भाग आधी पार पाडला तो फसला असे होईल. ज्याने उधारीवर माल दिला आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून सर्वांनी आपापसांत करार करून आपले बळ एका सत्तेच्या हाती द्यावे, आणि तिने सर्वांचे रक्षण करावे. ‘तुझे-माझे’ ही भाषाच त्या सत्तेनंतर जन्माला येते. त्यापूर्वी माणसाजवळ जे असते ते फक्त हिसकावले जाईपर्यंतचे.

येथवर हॉब्सला उत्तर देणे कठीण आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. मालमत्ता जर सत्तेने निर्माण केली, तर सत्तेला वगळणारी मालमत्ता असूच शकत नाही, असे तो म्हणतो. शेजाऱ्याला माझ्या घरात येण्यास मज्जाव करण्याचा हक्क मला आहे, सत्ताधीशाला मज्जाव करण्याचा नाही. उलट, प्रत्येकाची मालमत्ता सत्ताधीशालाही वगळून संपूर्णपणे त्याचीच आहे, या समजुतीला त्याने राज्य खिळखिळे करणाऱ्या रोगांच्या यादीत घातले आहे. व्यापाऱ्यांविषयी तर त्याचे मत फारच कडवट होते. यादवीच्या इतिहासावरील ‘बेहेमथ’ या ग्रंथात त्याने लंडनच्या व्यापाऱ्यांना बंडाचे पहिले साथीदार ठरविले आहे. खरेदी-विक्रीच्या चातुर्याने अमाप श्रीमंत होणे हाच ज्यांचा पुरुषार्थ, त्यांना कर हा शत्रूच वाटणार, असा त्याचा रोख आहे.

आणि तरीही हाच हॉब्स करांविषयी असे एक मत मांडतो की काटकसरीने चालणाऱ्या घराण्याला तो आपलाच वाटावा. कर संपत्तीवर न बसविता खर्चावर बसवावा, असे तो म्हणतो. जो पुष्कळ राबतो, थोडे खर्चतो आणि उरलेले जपतो, त्याच्यावर आळशी आणि उधळ्या माणसापेक्षा अधिक बोजा का? राज्याचे संरक्षण तर दोघांनाही सारखेच मिळते. उपभोगावरील करांची चर्चा आज चालते तिच्यात हा मुद्दा निराळ्या वेषात पुन्हा पुन्हा येतो.

‘लेव्हायथन’मधील एक उतारा १६७२ च्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. प्रजाजन आणि सत्ताधीश यांच्यात कर्जाविषयी, जमिनीविषयी किंवा मालाविषयी वाद उत्पन्न झाला तर काय, असा प्रश्न हॉब्स घेतो. त्याचे उत्तर दुहेरी आहे. सत्ताधीश जर आधी केलेल्या कायद्याच्या आधारे मागणी करीत असेल, तर प्रजाजनाने एखाद्या सामान्य माणसाविरुद्ध लावावा तसा दावा लावावा. कारण त्या प्रसंगी मागणी कायद्याच्या जोरावर आहे, सत्तेच्या जोरावर नाही. पण सत्ताधीशाने आपल्या सत्तेच्या जोरावरच एखादी वस्तू मागितली किंवा घेतली, तर तेथे कोणताही दावा चालत नाही. म्हणजे पेढीला दोन दरवाजे आहेत. पुढच्या दरवाजाने राजा आला तर तो गिऱ्हाईक, मागच्या दरवाजाने आला तर धनी. आणि कोणत्या दरवाजाने यावयाचे हे त्यानेच ठरवावयाचे! २ जानेवारीला चार्ल्स मागच्या दरवाजाने आला. हॉब्स तेव्हा ८३ वर्षांचा होता आणि त्याच चार्ल्सने त्याला वार्षिक १०० पौंडांचे निवृत्तिवेतन लावून दिले होते. तेही, ऐकून नवल वाटू नये, वेळेवर मिळत नसे.

हॉब्सला राजाचा भाट समजून बाजूला ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. त्याने एक अशी गोष्ट दिली जी त्याच्यापूर्वी इतक्या स्पष्टपणे कोणी दिली नव्हती. राज्य ही माणसांनी घडविलेली एक कृत्रिम व्यक्ती आहे, असे त्याने सांगितले. त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील चित्रात एक प्रचंड मुकुटधारी पुरुष डोंगरांमागून उभा आहे आणि त्याचे अंग शेकडो लहान लहान माणसांचे बनलेले आहे. राजा देहाने मरतो. ही कृत्रिम व्यक्ती मरता कामा नये, म्हणून तिला कृत्रिम चिरंतनत्व द्यावे लागते, आणि वारसाचा नियम त्यासाठीच असतो, असे तो म्हणतो. गादी आणि गादीवर बसलेला माणूस यांतील हा भेद आहे. ज्यांच्या घराण्यात पेढीचे नाव चार पिढ्या तेच राहते आणि सही करणारा हात बदलतो, त्यांना तो चटकन उमगेल. पेढीवरची हुंडी शेठ वारला म्हणून बुडत नाही.

हा भेद नसला म्हणजे काय होते याचे एक उदाहरण आपल्याकडील त्याच काळातले आहे. अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांच्या कुटुंबाकडून गुजरातचा सुभेदार मुरादबक्ष याने साडेपाच लाख रुपये घेतले. १६५७ च्या अखेरीस शाहजहानच्या आजारपणाची बातमी पसरली होती, चारही शाहजादे तख्ताकडे निघाले होते, आणि मुरादला सैन्यासाठी रोकड हवी होती. कर्ज म्हणावे की खंडणी, हे देणाऱ्याने ठरवावयाचे नव्हते. पुढे विजयानंतर मुरादने परतफेडीचे फर्मान काढले, तेही गुजरातच्या महसुलावर. काही दिवसांतच, जून १६५८ मध्ये, औरंगजेबाने मुरादला कैद केले आणि त्या फर्मानाचा कागद झाला. वयोवृद्ध शांतिदासांनी नव्या बादशाहाकडे दाद मागितली तेव्हा १ लाख रुपये देण्याचे फर्मान निघाले. बादशाहाने काहीच दिले नसते तरी त्याला कोण विचारणार होते? कर्ज मुरादचे होते, मोगल राज्याचे नव्हे. राज्य नावाचा ऋणकोच तेथे अस्तित्वात नव्हता. फक्त माणसे होती.

दुसरा विचारवंत जॉन लॉक. हा पेशाने वैद्य. १६६७ पासून तो लॉर्ड ॲशली या बड्या दरबाऱ्याच्या घरी राहत होता, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या देखरेखीखाली ॲशलीच्या यकृतावरील गळवावर शस्त्रक्रिया होऊन तेथे चांदीची नळी बसविण्यात आली. ॲशली वाचला आणि लॉक त्याचा कायमचा विश्वासू झाला. योगायोग असा की, १६७२ च्या जानेवारीत राजकोषाचा मंत्री हाच ॲशली होता. परतफेड थांबविण्याच्या कल्पनेचा मुख्य पुरस्कर्ता क्लिफर्ड नावाचा त्याचा सहकारी. तरी लोकांचे बोट ॲशलीकडेही वळले, आणि दोन वर्षांनंतर त्याने लॉकला पत्र लिहून या प्रकरणातील आपली जबाबदारी नाकारली. म्हणजे लॉकने सत्तेविषयी जे लिहिले ते अभ्यासिकेच्या खिडकीतून पाहून लिहिलेले नव्हते. राजकोषाचे दार आतून कसे लोटले जाते हे त्याला शेजारच्या खोलीतून ऐकू येत होते.

पुढे ॲशली राजाच्या विरोधात गेला, परागंदा होऊन हॉलंडमध्ये मरण पावला, आणि १६८३ मध्ये लॉकही तेथेच आश्रयाला गेला. राज्यक्रांतीनंतर १६८९ मध्ये तो परतला आणि शासनावरील त्याचे दोन प्रबंध प्रसिद्ध झाले, पण निनावी. आपणच त्यांचा कर्ता आहोत हे त्याने उघडपणे मान्य केले ते मृत्युपत्रात.

लॉकचे म्हणणे असे. मालमत्ता सत्तेने निर्माण केलेली नाही. माणूस आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो तेव्हाच ती त्याची होते. सत्ता नंतर येते, आणि ती येते तीच मुळी जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी. म्हणून संमतीवाचून कोणाच्याही मालमत्तेचा अंशही घेण्याचा अधिकार सर्वोच्च सत्तेलाही नाही. राज्य चालविण्यास खर्च लागतो, ज्याला संरक्षण मिळते त्याने आपला वाटा द्यावा, हे त्याला मान्य आहे. पण तो वाटा लोकांच्या प्रतिनिधींनी ठरवावा. येथे त्याने दिलेला दाखला फार बोलका आहे. सेनापती आपल्या शिपायाला तोफेच्या तोंडी जाण्याची आज्ञा देऊ शकतो, जागा सोडल्याबद्दल त्याला देहान्ताची शिक्षाही देऊ शकतो. पण त्याच शिपायाच्या खिशातील एक कवडीही तो घेऊ शकत नाही. देहावर चालणारी सत्ता खिशावर का चालू नये? कारण देहावरची सत्ता त्याला ज्या हेतूसाठी दिली आहे, त्या हेतूत शिपायाची कवडी बसत नाही. सत्ता हेतूने बांधलेली असते, हे लॉकच्या विचाराचे मर्म आहे. त्यासाठी तो जो शब्द वापरतो तो विश्वस्ताचा. राज्यकर्ता मालक नव्हे, विश्वस्त आहे. आणि विश्वस्ताने निधी स्वतःच्या कामी वापरला तर तो काढून घेण्याचा हक्क ज्यांनी सोपविला त्यांना आहे.

एकमेकांच्या भीतीने माणसांनी अनिर्बंध राजाचा आश्रय घ्यावा, या मताची तो थट्टा करतो. खोकडांपासून आणि कोल्ह्यांपासून वाचण्यासाठी सिंहाच्या तोंडी जाणे यात त्याला शहाणपण दिसत नाही. हॉब्सचे नाव तो तेथे घेत नाही, पण बाण कोणावर आहे हे समजते.

परंतु लॉकच्या चोपडीतही एक काळे पान आहे. आफ्रिकेतील माणसांचा व्यापार करणारी रॉयल आफ्रिकन कंपनी त्याच १६७२ साली स्थापन झाली, आणि लॉकने तिच्या भांडवलात पैसा घातला होता. अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या ज्या घटनेने मालकाला निग्रो गुलामावर संपूर्ण सत्ता दिली, तिच्या मसुद्याच्या कामातही त्याचा हात होता. ज्याने शिपायाच्या खिशातील कवडी जपली, त्याला स्वतःच्या देहाचेही धनी नसलेली माणसे खतावणीत मालाच्या रकान्यात लिहिली जाताना खटकले नाही. संमतीचेही तसेच. ज्यांच्या प्रतिनिधींची संमती घ्यावयाची ते मतदार मालमत्ताधारकांपुरतेच मर्यादित होते. लॉकचे तत्त्व मोठे होते, पण त्याच्या काळाने आणि त्याने स्वतःही ते फार थोड्यांना लागू केले.

तरी त्या थोड्यांपुरते ते लागू झाल्यावर जे घडले ते पाहण्यासारखे आहे. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविणे बेकायदा ठरले. १६९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध चालू असता सरकारला १२ लाख पौंड हवे होते. ८ टक्के व्याज आणि त्या व्याजासाठी जहाजांच्या वजनावरील व मद्यावरील कर कायद्याने बांधून दिलेले. कर्ज देणाऱ्यांना बँक ऑफ इंग्लंड या नावाने मंडळी स्थापन करण्याची सनद मिळाली. संपूर्ण रक्कम सुमारे १२ दिवसांत भरली गेली. राजा व राणी यांच्या नावे १० हजार पौंड होते, आणि भागधारकांच्या यादीत ५०० पौंडांपुढे जॉन लॉकचे नाव होते.

बावीस वर्षांपूर्वी याच शहरात, बहुधा याच घराण्यांनी, जवळजवळ एवढीच रक्कम गमावली होती. मग त्यांना धीर कशाने आला? नवा राजा अधिक सज्जन होता म्हणून नव्हे. राजाचे चारित्र्य हे कधीच पुरेसे तारण नसते. फरक असा की कर्ज आता राजाचे राहिले नव्हते. ज्या पार्लमेंटच्या हाती कर होते तिने ते कायद्याने आपल्या अंगावर घेतले होते, आणि त्या पार्लमेंटमध्ये कर्ज देणारे लोक स्वतः बसत होते. मागचा दरवाजा बंद झाला होता. ज्या सत्तेला सर्व काही घेता येत होते तिला १० टक्क्यांनीही कर्ज मिळेनासे झाले. जिने स्वतःचे हात बांधून घेतले तिला अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ३ टक्क्यांनी मिळू लागले.

येथे लॉक जिंकला असे म्हणण्याचा मोह होतो. पण नीट पाहिले तर त्या रोख्यामागे हॉब्सही उभा आहे. जो ऋणको मरत नाही, ज्याची सही राजा बदलला तरी बदलत नाही, तो हॉब्सचाच कृत्रिम पुरुष. लॉकने त्याच्या हाताला दोरी बांधली. देह हॉब्सने घडविला होता. आणि दोरी बांधल्याने तो दुबळा झाला नाही. स्वस्त कर्जावर त्याने असे आरमार उभे केले की चार्ल्सला ते स्वप्नातही दिसले नसते. ज्या कंपनीला चार्ल्सने मुंबई दिली तिच्याच वारसांनी त्या आरमाराच्या पाठबळावर पुढे हिंदुस्थानात काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्यावर हे राज्य चालले त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. मर्यादित सत्ता ही लहान सत्ता असते, ही समजूत तेवढी इतिहासाने खरी ठरविली नाही.

राहिला प्रश्न व्हायनर आणि मंडळींच्या थकबाकीचा. १६७७ मध्ये चार्ल्सने मुद्दल तसेच ठेवून ६ टक्के व्याज देण्याचे मान्य केले आणि ते १६८३ पर्यंत दिले. मग तेही थांबले. क्रांतीनंतर सराफांनी व त्यांच्या वारसांनी दावा लावला. न्यायमूर्ती होल्ट यांनी त्यांच्या बाजूने मत दिले, पण लॉकचा मित्र आणि आश्रयदाता असलेला लॉर्ड सॉमर्स याने १६९६ मध्ये, दाद मागण्याचा हा मार्गच चुकीचा आहे असे ठरवून, निकाल फिरविला. १७०० मध्ये लॉर्ड्स सभेने सॉमर्सचा निकाल उलटविला. पुढच्या वर्षी पार्लमेंटने कायदा करून ठरविले की १७०५ पासून ३ टक्के व्याज मिळेल, आणि निम्मे मुद्दल देऊन सरकारला हे कर्ज फेडता येईल. निम्मे बुडाले ते बुडालेच. उरलेले १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या भागांत विलीन झाले. त्या कंपनीचा फुगा त्याच वर्षी फुटला, पण तिचे भांडवल सरकारी कर्जाच्या रूपाने उरले. १८५३ मध्ये ग्लॅडस्टनने ते इतर जुन्या कर्जांत मिळविले आणि १९२७ मध्ये चर्चिलने काढलेल्या ४ टक्क्यांच्या रोख्यांत त्या जुन्या देण्यांचा अंश आला. हे रोखे ब्रिटिश सरकारने १ फेब्रुवारी २०१५ रोजी पूर्ण रक्कम देऊन परत घेतले.